फ्रीजवरच्या अकरा बरण्या: हळद, लक्ष्मणफळ, मोहरी आणि कॅन्सर

सांजवात

आईच्या ओव्हरीच्या कॅन्सरचं निदान झालं, त्याला आता तीन वर्षं होतील. ऑपरेशन झालं, मग केमोच्या सहा सायकली. तिसऱ्या सायकलपर्यंत आमच्या फ्रीजवर अकरा बरण्या जमल्या होत्या. हळदीच्या कॅप्सूल, गव्हांकुराची पूड, गुळवेल सत्त्व, कडुलिंबाच्या गोळ्या, लक्ष्मणफळाची वाळवलेली पानं, जर्दाळूच्या बियांमधला गर, आणि अशाच आणखी पाच. एकही बरणी वाईट हेतूने आलेली नव्हती. मावशी तर बार्शीहून एसटीने रात्रभर प्रवास करून लक्ष्मणफळाची पानं घेऊन आली होती. बसस्थानकावरून थेट आमच्याकडे. हातपाय धुवायच्या आधी तिने पिशवी उघडली.

त्या आठवड्यात आईला तोंड आलं होतं. दिवसाला दोन वाट्या पेज कशीबशी जायची. आणि तेवढ्याशा पोटात आम्ही सकाळी कडुलिंबाचा रस, अकराला गव्हांकुर, चारला पानांचा काढा ओतत होतो. पंधरा दिवसांत वजन चार किलोने उतरलं. आहारतज्ज्ञ बाईंनी डबा उघडून पाहिला, वही पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यात जेवण कुठे आहे?"

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मुलांना वनस्पतींमधली रसायनं शिकवते, पण घरात आलेल्या बरण्यांबद्दल मी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या रात्रीपासून एकेका बरणीबद्दल वाचायला घेतलं. ते सगळं इथे मांडते आहे, कारण ह्या बरण्या अजून कुणाकुणाच्या घरी जात असणार.

आधी मूळ गोष्ट. झाडाला पळता येत नाही. कीड आली, बुरशी आली, जनावर आलं तरी ते जागेवरच. म्हणून ते रसायनं तयार करतं. कारल्याचा कडूपणा, मिरचीचा तिखटपणा, लसणाचा वास, हळदीचा रंग, ही सगळी त्या रसायनांची रूपं. पेशीची वाढ रोखणं हे ह्यातल्या काहींचं कामच आहे. त्यामुळे कॅन्सरवरची औषधं झाडांमध्ये सापडतात, ह्यात गूढ काही नाही.

आईला सलाईनमधून जे जात होतं ते पॅक्लिटॅक्सेल. ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. १९६२ साली ती साल गोळा झाली, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या संस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्यांनी त्यातून हे द्रव्य वेगळं केलं. त्याची रचना १९७१ मध्ये छापून आली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे! हे वाचलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, आत आईच्या हाताला तेच औषध लावलेलं होतं. पेशी दुभंगताना तिच्या आत जे बारीक दोरे ताणले जातात आणि मग सुटतात, ते हे औषध सुटूच देत नाही, हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ ह्यांनी दाखवलं. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळायला १९९२ उजाडलं. साल गोळा केल्यापासून तीस वर्षं.

आणि यूचं झाड विषारी असतं. त्याची साल उकळून पिऊन कुणी बरं झालेलं नाही. सदाफुलीचंही तसंच. तिच्यातून मिळणारं व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही वापरतात, १९६३ पासून. पण सदाफुलीची पानं चावून ते साधत नाही. द्रव्य वेगळं काढायचं, मिलिग्रॅममध्ये मोजायचं, वजन-उंची बघून द्यायचं, रक्ताचे रिपोर्ट बघून कमी-जास्त करायचं. झाडाचं औषध होतं ते ह्या वाटेने.

आता हळद. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर करक्युमिन टाकलं तर पेशी मरतात, हे खरं आहे. पण बशीत टाकणं आणि पोटातून रक्तात पोचणं ह्यांत फार अंतर आहे. प्रयोगांमध्ये माणसांना दिवसाला आठ ग्रॅम करक्युमिन दिलं गेलं, म्हणजे पाव किलोहून जास्त हळद, तरी रक्तात नावापुरतंच उतरलं. आतडं ते घेत नाही, आणि जे थोडं जातं ते यकृत लगेच निकामी करून बाहेर काढतं. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्यात करक्युमिनच्या शंभराहून जास्त मानवी चाचण्या तपासल्या. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरी गोळी कुठली हे माहीत नसताना केलेली एकही चाचणी स्पष्ट यशस्वी निघाली नाही.

लक्ष्मणफळाबद्दल तो व्हॉट्सॲपवरचा निरोप सगळ्यांनी वाचला असेल, "केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी". तो आकडा बशीतल्या पेशींवरच्या एका जुन्या प्रयोगातून उचललेला आहे. माणसांवरचं काहीही त्यात नाही. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि पानांचा काढा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार दिसला, ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. ह्या फळातलं ॲनोनासिन मेंदूच्या पेशींना बाधतं. मावशीला हे कसं सांगायचं, ह्याचा मी दोन दिवस विचार केला.

जर्दाळूच्या बियांच्या गरातलं ॲमिग्डॅलिन पोटात गेल्यावर सायनाइड सोडतं. अमेरिकेत १७८ रुग्णांना ते देऊन पाहिलं, १९८२ मध्ये निकाल आला. कुणाचा कॅन्सर बरा झाला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीपर्यंत गेलं. ही बरणी मी त्याच दिवशी फेकली.

---

पोळीभाजी

फार जवळचं लिहिलं आहेस. आईंना माझा नमस्कार सांग.

एक विचारते. मग "भाज्या-फळं खा, कॅन्सर टळेल" हेही खोटंच का? माझ्या सासूबाईंना आतड्याचा झाला होता, म्हणून मी घरात सगळ्यांना रोज गाजर-बीटचा रस देते.

---

सांजवात

खोटं नाही. पण ते टाळण्याबद्दल आहे, बरं करण्याबद्दल नाही, आणि ह्या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

गाजराची गोष्ट तर मी वर्गात दरवर्षी सांगते. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त आणि त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी *जास्त*. अमेरिकेत अशीच एक चाचणी चालू होती, अठरा हजारांवर माणसं, त्यात बीटा कॅरोटीनच्या जोडीला अ जीवनसत्त्वही होतं. फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त दिसल्यावर ती जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

गाजर तेच, त्यातलं द्रव्य तेच, पण गोळीतला डोस आणि एकटेपणा वेगळा. भाजीत ते चोथ्यासोबत, शेकडो इतर द्रव्यांसोबत, थोडं थोडं येतं.

तुझ्या सासूबाईंच्या बाबतीत, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरसाठी, सगळ्यात भक्कम पुरावा चोथ्याचा आहे, आणि रस गाळताना नेमका तोच आपण फेकतो. युरोपात दहा देशांतल्या पाच लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास २००३ मध्ये आला. सगळ्यात जास्त चोथा खाणाऱ्या गटात आतड्याचा कॅन्सर सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी होता. चोथा आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतो. ते त्यातून ब्युटिरेट बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. ज्वारीची भाकरी, नाचणी, सालासकट मूग, मटकी, पालेभाजी. रसाऐवजी गाजराची कोशिंबीर कर, एवढंच म्हणेन.

---

औषधवाला

गेली बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो, त्यातली नऊ एका कॅन्सर रुग्णालयाच्या समोर. धाग्यात थोडी भर घालतो, कारण ह्या बाजूबद्दल फार कमी बोललं जातं.

"नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी तोटा नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो. केमो चालू असताना ते चुकीचं आहे.

हळदीच्या कॅप्सूलवर "मिरीच्या अर्कासह" असं लिहिलेलं असतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिरीतलं पायपरीन सोबत दिलं तर रक्तातलं करक्युमिन वीस पटींनी वाढतं. पण का वाढतं? कारण पायपरीन बाहेरची द्रव्यं निकामी करणारी यकृताची यंत्रणाच मंदावतं. तीच यंत्रणा केमोचं औषधही शरीराबाहेर काढत असते. डॉक्टरांनी डोस ठरवलाय ती यंत्रणा नीट चालते असं धरून. आमटीतल्या चार मिऱ्यांनी काही होत नाही, रोजच्या अर्काच्या गोळीचं तसं नाही.

मायलोमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरच्या, रुग्णांना बोर्टेझोमिब देतात. ग्रीन टीमधलं मुख्य द्रव्य ह्या औषधालाच चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. म्हणजे इंजेक्शन महागडं घ्यायचं आणि घरी येऊन अर्काच्या गोळीने ते पुसायचं. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस ही फळंही काही गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतात, तोंडाने घ्यायच्या कॅन्सरच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.

आणि गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, दुसऱ्याच जातीची वेल असू शकते असं सांगितलं. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण कॅन्सरच्या रुग्णाचं यकृत आधीच ओझं वाहत असतं, आणि एन्झाइम वाढले की पुढची सायकल लांबते. काउंटरवर उभे राहून रडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. "पुढच्या आठवड्यात या म्हणाले" एवढंच सांगतात.

---

तुळशीवृंदावन

सांजवातताई, तुमचा अभ्यास मान्य आहे, पण मन दुखलं म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना घशाचा कॅन्सर होता. आईने दोन वर्षं न चुकता त्यांना सकाळी कडुलिंब आणि हळद दिली. आज ते ८१ वर्षांचे आहेत, शेतावर जातात. आईच्या त्या सेवेला काहीच अर्थ नव्हता का? हळद आपल्याकडे देवाला लावतात, बाळंतिणीला देतात, जखमेवर लावतात. परदेशातल्या आढाव्याने ती खोटी ठरत नाही.

---

सांजवात

ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून खूप बरं वाटलं. ८१ व्या वर्षी शेतावर!

तुमच्या आईंची सेवा फार मोलाची होती. दोन वर्षं रोज पहाटे उठून कुणी आपल्यासाठी काही करतंय, ह्याने माणूस उभा राहतो. मला एकच विचारायचं आहे, ह्या दोन वर्षांत रेडिएशन किंवा केमो झालं होतं का?

---

तुळशीवृंदावन

हो. ३५ दिवस रेडिएशन. सोबत आठवड्याला एक केमो.

---

सांजवात

मग तुमच्या वडिलांना बरं करण्यात त्या ३५ दिवसांचा वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणेन. कडुलिंब-हळदीचा वाटा किती, हे वेगळं काढायला काही मार्ग नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल सांगताना हळद, कडुलिंब आणि साखर-दूध बंद करण्याचा उल्लेख केला, तेव्हाही हेच झालं होतं. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमो झालेली होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती हळद. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी तेव्हा सह्या करून निवेदन काढलं की ह्या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो ह्याला भक्कम पुरावा नाही, उपचार थांबवू नका किंवा लांबवू नका.

लांबवणं ह्या शब्दाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. बऱ्या होऊ शकणाऱ्या टप्प्यावर असताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली. मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. गाठ दोन सेंटिमीटरची असताना आलेली बाई आणि सहा महिने काढे पिऊन आलेली बाई, ह्यांच्यात हा फरक पडतो.

हळद भाजीतून काढा असं मी कुणालाही सांगत नाही. आमच्या घरी आजही वरणाला हळद-हिंग आहे. कॅप्सूल बंद आहेत.

---

कोकणकडा

मनसुख वाणींचं नाव वाचून राहवलं नाही. त्यांनी आणि वॉल ह्यांनी १९६६ मध्ये आणखी एक द्रव्य शोधलं, कॅम्प्टोथेसिन, एका चिनी झाडातून. आणि १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन ह्यांनी तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या झाडात असल्याचं दाखवलं. ते झाड म्हणजे नरक्या.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मध्यम उंचीचं झाड, पांढुरकी साल, फुलं आली की असा वास सुटतो की नावाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या आंबोलीच्या बाजूला जुनी माणसं ह्याला चुलीतही घालत नसत. मग बाहेरून मागणी आली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधं ह्याच द्रव्यापासून बनतात, दुसरं तर आतड्याच्या कॅन्सरमध्ये नेहमी वापरतात. लाकडाला किलोवर भाव मिळायला लागला आणि रात्रीत झाडं गेली. मी शाळेत असताना ज्या वाटेवर नाक दाबून पळायचो, तिथे नंतर एकदा गेलो तर नुसती खुंटं. त्यांना बाजूने फुटवे आले होते, करंगळीएवढे. ते हात लावून बघितले.

ज्या झाडाने माणसं वाचतात ते असं ओरबाडलं जाऊ नये, लावलं जावं, असं फार वाटतं.

---

पोळीभाजी

नरक्याचं माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला.

सोयाबीनचं कुणी सांगेल का? मैत्रिणीला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, तिला सगळे सांगतात सोयात बायकांचं हार्मोन असतं, हात लावू नकोस.

---

औषधवाला

सोयातली आयसोफ्लेव्होन दिसायला इस्ट्रोजेनसारखी आहेत म्हणून ही भीती. शांघायमध्ये ५,०४२ स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण बायकांचा अभ्यास झाला, २००९. आहारात सोया जास्त असलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं. म्हणजे जेवणातलं सोया, टोफू, दूध, वड्या चालतील. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या नकोत.

---

उंबरठा

धागा वाचून एक आठवलं. आमच्याकडे काकडीच्या रायत्यात मोहरी फेसून घालतात. आजी म्हणायची, "थंड पाण्यातच फेस, नाहीतर झणका मरतो." ह्याचा तुमच्या रसायनांशी काही संबंध आहे का?

---

सांजवात

पूर्ण संबंध आहे! हा तर मी प्रयोगशाळेत करून दाखवते.

मोहरीच्या दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात: एक गंधकाचं द्रव्य आणि एक मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. अख्खा दाणा हुंगला तर वास नाही. दाणा फुटला, ओला झाला, की दोन्ही भेटतात आणि झणका तयार होतो. कीटकाने चावा घेतला की त्याच्या तोंडात हा स्फोट व्हावा, अशी ही योजना. मी दोन वाट्या घेते. एकीत मोहरीपूड थंड पाण्यात, दुसरीत उकळत्या. चार-पाच मिनिटांनी मुलं पहिली हुंगतात आणि डोळ्यांतून पाणी काढत मागे सरतात. दुसरी नुसती कडवट. उकळत्या पाण्याने एन्झाइम मेलेलं असतं. फोडणीतल्या मोहरीला झणका नसतो तो ह्याचमुळे.

कोबी, मुळा, फ्लॉवर, ब्रोकोली सगळी ह्याच कुळातली. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन पॉल टालाले ह्यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये ओळखलं. ते पेशींची घातक द्रव्यं निकामी करणारी यंत्रणा जागी करतं. शिजवल्यावर तेही फारसं तयार होत नाही. पण शिजवलेल्या ब्रोकोलीवर कच्ची मोहरीपूड भुरभुरली तर शरीरात चौपटीहून जास्त पोचतं, हे २०१८ मध्ये माणसांवर तपासलं गेलं. मोहरीतलं एन्झाइम ब्रोकोलीच्या कामी येतं. लसणाचंही असंच, ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग तेलात टाका.

ह्याने कॅन्सर टळतो असं कुणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण आजीचं रायतं रसायनशास्त्रात पक्कं बसतं, ह्याचा मला मनापासून आनंद आहे.

---

औषधवाला

एक भर. केमोत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कच्ची कडधान्यं आणि बाहेरचे रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. तेव्हा शिजवलेलंच बरं.

आणि सुपारी. तीही झाडाचीच. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण जेवणानंतरची सुपारी अजून घराघरात डब्यात असते, आणि मिसरीची डबीही. लक्ष्मणफळाची पानं शोधणाऱ्या घरात ह्या दोन डब्या आधी रिकाम्या व्हाव्यात, अशी हात जोडून विनंती.

---

नवी_पालवी

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. सासऱ्यांची केमो सोमवारपासून सुरू होते. माझ्याकडे आत्ताच सात बरण्या आहेत. घरात मी बोलले तर "सुनेला काय कळतं" असं होतं. काय करू?

---

औषधवाला

बरण्यांवरून घरात भांडू नका. सगळ्या बरण्या लेबलांसकट एका पिशवीत घाला आणि सोमवारी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. सासऱ्यांना आणि नवऱ्यालाही आत घेऊन जा. "ह्यातलं काय चालेल?" एवढंच विचारा. उत्तर त्यांच्या तोंडून येऊ दे.

---

सांजवात

आणि वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, वहीत लिहून ठेव. आम्ही ते फार उशिरा सुरू केलं.

पाहुण्यांना काही आणावंसं वाटतंच, त्यांना काम सांग. मी मावशीला सांगितलं की पानांपेक्षा तुझ्या हातची नाचणीची पेज तिला जाते. मावशी आठ दिवस राहिली. पेज तिनेच केली, रोज.

---

नवी_पालवी

आज पिशवी नेली. डॉक्टरांनी सातही बरण्या हातात घेऊन वाचल्या. पाच बंद करायला सांगितल्या. इसबगोल ठेवलंय, आणि आवळ्याची सुपारी चघळली तर चालेल म्हणाले. सासरे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मुगाचं कढण आणि मऊ भात खाल्ला, एक वाटी. मग म्हणाले, उद्या कढणाला लसणाची फोडणी दे.

लसूण ठेचून ठेवणार आहे, दहा मिनिटं.